ज्याची माती, त्याला विचारले काय?



कौंडण्यपूर म्हणजे आई रुक्मिणीचे माहेर. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर हे लहानसे गाव आहे. येथून रुक्मिणीमातेची पालखी दरसाल आषाढीसाठी पायी पंढरीस जाते. सदाराम महाराजांनी १५९४ साली ही पालखी सुरू केली, असे परंपरा सांगते. वऱ्हाडाच्या ह्या टोकापासून चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत चालावयाचे म्हणजे महिन्याहून अधिक दिवस लागतात. लेक सासरी निघाली आहे आणि आपण तिचे पाठराखे म्हणून बरोबर चाललो आहोत, ह्याच भावाने आमची माणसे हा पल्ला गाठतात.

आज आम्ही जे लिहीत आहोत ते एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न २०२३ सालच्या कार्तिकीत पंढरपुरास आमच्या राहुटीत विचारला गेला. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. विचारणारा मुकाट्याने निघून गेला, आणि तेव्हापासून ते न दिलेले उत्तर आमच्या मनाला टोचत राहिले आहे.

झाले असे. एकादशी सुटली होती. राहुटीच्या मागे भाकरी भाजणे चालले होते. कोकणातील, राजापुराकडचे एक वयस्क माळकरी गृहस्थ ओळखीने आमच्याकडे प्रसादास आले होते. जेवता जेवता त्यांनी शेगडीकडे बोट दाखविले व म्हणाले, "बुवा, रागावू नका, पण एक विचारतो. हा तुमच्या शेगडीतला वायू येतो कुठून?"

भाकरी थापणाऱ्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "कुठून म्हंजे? एजन्सीतून येते बाप्पा! नंबर लावला का गाडी येते."

"तसं नव्हे माउली," ते म्हणाले, "एजन्सीत तरी कुठून येतो?"

ह्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. मग त्यांनी आपल्या भागाची हकीकत सांगितली. एप्रिल महिन्यात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीच्या कारखान्यासाठी मातीचे परीक्षण करावयास यंत्रे आली, बरोबर पोलीस आले, आणि गावच्या बायका तापलेल्या रस्त्यावर आडव्या पडल्या, हे सारे सांगितले. शेवटी म्हणाले, "कारखाना तुमच्यासाठीच हाय असं आम्हांला सांगतात. देशासाठी. म्हंजे तुमच्यासाठीच ना? मग तुम्ही काय म्हणता?"

आमच्यापैकी एक जण म्हणाला, "हे राजकारण हाय बुवा. आपुन माळकरी लोक. आपल्याले त्यात काय करायचं?"

गृहस्थांनी पानावरची भाकर संपविली, हात धुतले, सर्वांच्या पाया पडले आणि गेले.

आम्हांस वाटते, त्या दिवशी चूक झाली. प्रश्न राजकारणाचा नव्हता, धर्माचा होता. ज्याच्या चुलीसाठी दुसऱ्याचे घर मोडावयाचे, त्याला त्या घराविषयी काही विचार असावा की नसावा? एवढाच तो प्रश्न. माळ गळ्यात असल्याने तो टळत नाही. उलट माळ गळ्यात असल्यामुळेच तो आम्हांस विचारला गेला.

ह्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि ती दोन्ही खोटी आहेत. पहिले उत्तर, 'आपल्याला काय करायचे?' दुसरे उत्तर, 'हे तेल, हा वायू सारे पाप आहे, टाकून द्या.' दुसरे उत्तर ऐकावयास गोड लागते. कीर्तनात ते सांगितले तर लोक मानाही डोलवितील. पण ते सांगणारा बुवा डिझेलच्या गाडीतून कीर्तनास आलेला असतो आणि त्याची खिचडी शेगडीवर शिजत असते.

आधी शेगडीची बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमच्या आज्या-माया ओल्या काट्यांच्या आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या धुरात जन्मभर बसल्या. डोळे गेले, छाती गेली, आणि तरी कोणी त्याला संकट म्हटले नाही, कारण ते बायकांचे होते. सरपणासाठी मेळघाटातील बाया डोक्यावर मोळी घेऊन कोस कोस चालल्या, आणि रानही उघडे होत गेले. २०१६ सालच्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाच्या घरात १४.२ किलोचे सिलिंडर आले, तेव्हा त्या घरातील बाईने पहिल्यांदा धुराशिवाय चहा केला. हे पुण्यच आहे. दिंडीतही पूर्वी मुक्कामाच्या गावी सरपण मागावे लागे, बांधावरची वाळकी बाभूळ तोडावी लागे. ते थांबले. म्हणून वायूला शिव्या देऊन मोकळे होणे आम्हांस जमणार नाही.

परंतु ज्या वस्तूने आमच्या घरचा धूर गेला, तिचा धूर कुठे तरी निघतोच. तो कोणाच्या अंगणात निघतो, हे पाहणे आपले काम आहे.

मुंबईच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, समुद्राच्या तळाखाली १९७४ साली तेल लागले. त्यालाच मुंबई हाय म्हणतात. १९७६ पासून तेथून तेल निघू लागले. समुद्राच्या तळावरून नळ टाकून तेल आणि वायू उरणास आणतात, तेथे ते वेगळे करतात, आणि आपल्या सिलिंडरातील वायूही त्यातून मिळतो. ज्या कोळ्यांच्या होड्या त्या पाण्यात जात, त्यांना तेलाच्या फलाटांभोवती ५०० मीटरांच्या आत जाण्याची मनाई आहे. ती मनाई सुरक्षिततेसाठीच आहे, पण पाणी त्यांचे कमी झाले हे खरे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या त्या कारखान्यात आग लागली आणि चार माणसे गेली. एवढे करूनही देशाला पुरत नाही. आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंच्याऐंशी भागांहून अधिक परदेशातून जहाजाने येते.

आणखी दोन ठिकाणांची नावे आपण लक्षात ठेवावीत. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नगरम नावाचे गाव आहे. २७ जून २०१४ रोजी पहाटे तेथे जमिनीखालची वायूची नळी फुटली, वायू नारळीच्या बागांत पसरला आणि पेटला. पंधराहून अधिक माणसे जळून मेली, त्यांत झोपेतली मुले होती. कोरडा वायू नेण्यासाठी टाकलेल्या नळीतून ओलसर वायू जात होता आणि नळी आतून गंजली होती, असे पुढे चौकशीत दिसून आले. दुसरे ठिकाण आसामातील बागजान. २७ मे २०२० रोजी तेथील एका वायूच्या विहिरीचा ताबा सुटला. ९ जूनला ती पेटली, आग विझविणारे दोन जवान गेले, आणि ती आग पुरती विझावयास नोव्हेंबर उजाडला. शेजारीच मागुरी-मोटापुंगचे मोठे पाणथळ आहे, दिब्रू-सैखोवाचे राखीव रान आहे. हजारो माणसे छावण्यांत राहिली. पक्ष्यांना आणि पाण्यातल्या जिवांना छावणी कोण बांधणार?

हे दूरचे झाले, असे कोणी म्हणेल. तर दूर काही राहिलेले नाही. मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही वायूवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आपल्या वऱ्हाडातून गेली आहे. धामणगावाकडून पुढे वर्धा ओलांडून ती नागपुराकडे जाते. रुक्मिणीच्या माहेरापासून हे अंतर काही कोसांचे आहे. ती नळी भयंकर आहे असे आमचे म्हणणे नाही. नीट राखली तर ती शेकडो टँकरांपेक्षा बरी. पण ज्यांच्या शिवारातून ती गेली त्यांना 'पिवळा खांब कशाचा, वास आला तर काय करायचे, कोणाला कळवायचे' हे कोणी समजावून सांगितले आहे काय, एवढे आपण आपल्या गावात विचारून पाहावे.

आता कोकणाकडे वळू. तीन सरकारी तेलकंपन्यांनी मिळून २०१७ साली रत्नागिरी रिफायनरीची कंपनी काढली. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याचा तो बेत होता. नाणार आणि आसपासची गावे मिळून सतरा गावांची जमीन त्यासाठी घेण्याची अधिसूचना निघाली. हापूसच्या बागा, काजू, भाताची कुणगी आणि खाडीची मासेमारी असलेली ही गावे. लोकांनी विरोध केला आणि २०१९ साली ती अधिसूचना रद्द झाली. मग २०२२ साली जवळच्याच बारसूचे नाव पुढे आले. 'तेथे वस्ती नाही, पडीक सडा आहे', असे सांगण्यात आले.

सडा म्हणजे काय हे आपल्या काळ्या मातीच्या माणसाला सांगावे लागेल. जांभ्या दगडाचे ते उंच, सपाट पठार. उन्हाळ्यात पाहिले तर ओसाड वाटते. परंतु पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले उठतात, गुरे चरतात, आणि त्या दगडातून झिरपलेले पाणी खालच्या गावांच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. सडा हा गावाचा माठ आहे. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांचे नाव २०२२ साली गेले, त्यात बारसूही आहे. ज्याला आपण पडीक म्हणतो तेथे कोणी तरी कधी तरी बसून हत्ती आणि मासे कोरले. आपल्या कौंडण्यपुरासही संशोधकांनी गेल्या शतकात टेकाडे खणली, तेव्हा खाली जुन्या नगरीचे थर निघाले. माती पडीक दिसली म्हणून ती रिकामी नसते.

एप्रिल २०२३ मध्ये तेथे परीक्षण सुरू झाले. बंदोबस्त लागला, धरपकड झाली, आणि २८ एप्रिलला अश्रुधूर सोडण्यात आला. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी विरोधाचे ठराव केले होते. काही लोकांचा पाठिंबाही होता, हेही सांगितले पाहिजे. कोकणातील तरुण पोरगा शाळा संपली की मुंबईची गाडी धरतो. त्याला गावात काम मिळावे असे ज्या बापाला वाटते, तो काही गावाचा वैरी नव्हे.

येथे मोठा नीतिविचार पुढे केला जातो. कुळासाठी एकाचा, गावासाठी कुळाचा आणि देशासाठी गावाचा त्याग करावा, असे जुने नीतिशास्त्र सांगते. पुष्कळांच्या सुखासाठी थोड्यांनी सोसावे. आम्हीही हे प्रवचनात सांगितले आहे. पण आता वाटते, आम्ही ते पुरते समजून घेतले नव्हते. त्याग ही क्रिया आहे आणि तिचा कर्ता तो स्वतः असतो. दधीचीने आपली हाडे दिली म्हणून तो दधीची. कोणी झोपेत येऊन त्याची हाडे काढून नेली असती, तर त्याला त्याग म्हटले नसते, खून म्हटले असते. हाडांचे वज्र तेच झाले असते, वृत्रही त्यानेच मेला असता. फळ तेच, पण धर्म राहिला नसता. गाव जेव्हा आपण होऊन म्हणते, 'घ्या ही जमीन, देशाचे कल्याण होवो', तेव्हा तो त्याग. आणि गावाला न विचारता, किंवा गाव 'नाही' म्हणत असता दुसराच कोणी गावाच्या वतीने त्याग करतो, तेव्हा त्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

हा मुद्दा समजावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. आमच्या गावची लेकच त्याची साक्ष आहे.

रुक्मिणीचे लग्न तिचा भाऊ रुक्मी ह्याने शिशुपालाशी ठरविले. आपण रुक्मीला खलपुरुष म्हणतो, परंतु त्याच्या मनाने तो राज्याचे हितच पाहत होता. शिशुपाल चेदीचा राजा. जरासंधासारखा बलाढ्य त्याच्या पाठीशी. विदर्भाच्या दृष्टीने ह्याहून चांगला सोयरा कोणता? हिशेब चोख होता. फक्त जिचे लग्न तिलाच कोणी विचारले नव्हते. भीष्मक राजा तर चांगला माणूस. त्याच्या मनात श्रीकृष्णच होता. पण मुलापुढे तो बोलला नाही. मग त्या लेकीला ब्राह्मणाहाती द्वारकेस पत्र पाठवावे लागले. ते पत्र म्हणजे न विचारलेल्या माणसाने दिलेले उत्तर आहे. देव ते वाचून रथ जोडून निघाला, अंबिकेच्या देवळापर्यंत आला. विदर्भाच्या हिशेबापेक्षा तिच्या मनाचे वजन त्याने अधिक मानले. नाथमहाराजांनी ह्या कथेवर 'रुक्मिणी स्वयंवर' रचले. स्वयंवर हा शब्दच पाहा. ज्याने त्याने आपले निवडावे, हाच त्याचा अर्थ.

आता आपण आपल्याला विचारू या, ह्या कथेत आपण कोण? रुक्मी होण्याइतके आपल्या हाती अधिकार नाहीत. कृष्ण तर आपण नव्हेच. आपण भीष्मक आहोत. मनात बरे आहे, तोंडाने काही बोलत नाही. 'हे राजकारण हाय बुवा' हे भीष्मकाचेच वाक्य आहे.

येथे शहाणी माणसे विचारतील, 'प्रत्येक गावाला विचारीत बसले तर कोण हो म्हणेल? धरण होणार नाही, रस्ता होणार नाही, देश उपाशी राहील.' ह्या शंकेचा विचार केला पाहिजे, कारण ती खोटी नाही. आपल्याच वर्धा नदीवर, मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरण १९९३ साली पुरे झाले. त्याचे पाणी अमरावती शहर पिते, शेते भिजतात. ते धरण नको होते असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही अमरावतीस गेलो की तेच पाणी पितो. पण ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांची माणसे २०२३ सालच्या ऑगस्टात, मोर्शीत बरेच दिवस धरणे धरून शेवटी मुंबईस गेली आणि मंत्रालयात सुरक्षेसाठी बांधलेल्या जाळीवर त्यांनी उड्या घेतल्या. धरण पुरे होऊन तीस वर्षे झाली होती! पाणी पोचावयास वेळ लागला नाही. मोबदला, नोकरी आणि ऐकून घेणे मात्र पोचले नाही. म्हणून 'आधी घेऊ, मग देऊ' ह्या शब्दावर गावांचा विश्वास उरलेला नाही. न विचारल्यामुळे जो अविश्वास उत्पन्न झाला, तोच आता न विचारण्याचे कारण म्हणून सांगितला जातो. हे चक्र कोठे तरी तोडले पाहिजे.

आणि विचारले तर माणसे देत नाहीत, हे तरी खरे काय? आपला अनुभव पाहा. दरसाल शेकडो गावे आपल्या दिंड्यांना शेत देतात, शाळा देतात, विहीर मोकळी करतात, घरची भाकर आणून वाढतात. कोणता कायदा त्यांना सांगतो? आपण हात जोडून मागतो म्हणून ते देतात. आणि येथे आपलाही दोष कबूल केला पाहिजे. एका मुक्कामी, आम्ही स्वतः पाहिले, सकाळी दिंडी उठली तेव्हा शेतकऱ्याच्या वावरात पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि घाण पडली होती. म्हातारा बांधावर उभा होता. काही बोलला नाही, एवढेच म्हणाला, "पुढल्या साली येजा, पण इचारून येजा." आम्हांस मान वर करवली नाही. ज्याने दिले त्याची माती राखणे हे घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य. ते दिंडीला लागू आहे आणि तेलकंपनीलाही. दोघांना माप एकच.

कायद्यात हा विचार थोडासा आला आहे. २०१३ सालचा भूसंपादनाचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी शंभरात ऐंशींची संमती हवी, सरकार आणि खाजगी मिळून काम असेल तर सत्तर जणांची, असे त्यात आहे. पण सरकारी कंपनीसाठी घेताना संमतीची अट नाही. म्हणजे घेणारा कोण ह्यावर विचारावयाचे की नाही हे ठरते. ज्याची माती जाणार त्याला काय फरक पडतो? ओडिशात नियमगिरीचा डोंगर बॉक्साइटसाठी खणावयाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले, आधी ग्रामसभांना विचारा. बारा वाड्यांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही जणींनी 'नाही' म्हटले. त्यांचा देव त्या डोंगरात राहतो. देश त्यामुळे बुडाला नाही. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला म्हणून हे विचारणे शक्य झाले. शेतकऱ्यालाही तसेच विचारले जावे, एवढीच मागणी आहे.

आता शेवटची अडचण. माणसाला विचारता येते. पण रानाला कसे विचारावे? सड्यावरच्या गवताला, बागजानच्या पाणथळातल्या पाखरांना, मेळघाटच्या वाघाला तोंड नाही. आपल्या पूर्वजांनी ह्याला एक तोड काढली होती. काही जागा त्यांनी देवाच्या नावे करून टाकल्या. देवराईत कुऱ्हाड न्यावयाची नाही, वाळकी काटकीही आणावयाची नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने देवाला उभे केले. हा भाबडेपणा नव्हता, उत्तम व्यवस्था होती. आजही तसेच काही ठिकाणी आधीच 'नाही' म्हणून ठेवावे लागेल.

मेळघाटाचे उदाहरण आपल्या घरचे आहे. अकोला-खंडवा ही जुनी मीटरगेज रेल्वे व्याघ्र प्रकल्पातून जात होती. ती रुंद करावयाची ठरली तेव्हा प्रश्न आला, रानातूनच न्यावयाची की बाहेरून? बाहेरून नेले तर अंतर वाढते, खर्च वाढतो. परंतु बाहेरच्या गावांनाही रेल्वे मिळते आणि वाघाची वाट मोडत नाही. २०२१ साली राज्य सरकारनेही बाहेरून नेण्याचाच आग्रह धरला. वळसा घालण्यात कमीपणा कसला? दिंडीच्या वाटेत उभे पीक आले तर आपण काय करतो? पाय दुखत असले तरी बांधाने वळसा घालून जातो. पंढरी त्याने दूर जात नाही.

मग आपण काय करावे? आम्हांस सुचलेल्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, आपण वापरतो ते येते कोठून हे जाणून घ्यावे. मावशींचे 'एजन्सीतून येते' हे उत्तर आपणा सर्वांचेच आहे. न जाणणे हा गुन्हा नसेल, पण जाणावयाची संधी आल्यावर तोंड फिरविणे हा आहे.

दुसरी गोष्ट, गरज कमी करावी. भांड्यावर झाकण, डाळ-तांदूळ आधी भिजवून ठेवणे, अन्न न टाकणे, चार दिंड्यांचा एक स्वयंपाक, पाच गाड्यांच्या जागी दोन. ज्याच्या घरी गुरे आहेत त्याने गोबरगॅसचा विचार पुन्हा करावा. आपल्या खेड्यांत ती सोय नवी नाही, आळसाने मागे पडली आहे. मूठभर इंधन वाचविल्याने कारखाना थांबत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण 'देशाला पाहिजे' ह्या शब्दात आपली उधळपट्टी लपलेली असू नये.

तिसरी गोष्ट, ग्रामसभेस जावे. सप्त्याला गाव लोटते आणि ग्रामसभेला दहा डोकी असतात. मोझरीस राहून तुकडोजी महाराजांनी गावाचा संसार हाच परमार्थ असे शिकविले, ते आपल्या तालुक्यातच. आज आपल्या गावावर काही आलेले नाही म्हणून बसू नये. ज्या दिवशी येईल त्या दिवशी बोलावयास जीभ सैल असावी लागते.

चौथी गोष्ट, जेथे दुसऱ्याच्या मातीचा प्रश्न आहे तेथे निदान एवढे म्हणावे, 'आमच्या नावाने ह्यांना उठवू नका. आधी ह्यांना विचारा. ह्यांनी आनंदाने दिले तर आम्ही आनंदाने घेऊ. नाही म्हटले तर आम्ही वळसा घालू, थोडे कमी वापरू.' हे म्हणण्यास कोणत्या पक्षात जावे लागत नाही.

कोकणातील त्या माउलींना आमचे उत्तर हेच आहे. उशीर झाला ह्याबद्दल क्षमा मागतो. तुमचा सडा कारखान्याला द्यावा की न द्यावा, हे आम्ही ठरवू शकत नाही. आमच्यासाठी म्हणून तो तुम्हांला न विचारता घेऊ नये, एवढे मात्र आम्ही मोठ्याने म्हणू शकतो आणि ते आज म्हणत आहोत. तुमचे गाव आपण होऊन 'हो' म्हणाले तरी आमचे तोंड मिटणार नाही. दिलेला शब्द पाळला गेला की नाही, विहिरीचे पाणी नितळ राहिले की नाही, हे विचारीत राहू.

पुढल्या वारीस आपण भेटाल तर पुन्हा आमच्या राहुटीत प्रसादास यावे. मावशींनी सांगून ठेवले आहे, "त्या बुवाले म्हणा, आता मले ठाऊक हाय, हा गॅस कुठून येते ते."

रामकृष्ण हरि.